माहितीच्या राखणीचे पहिले पाठ



चालकांचे पत्र आले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना उलट कळविले की, यंदा मला एका वेगळ्या विषयावर बोलू द्या. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना माहितीच्या सुरक्षिततेची मूलतत्त्वे कशी शिकवावीत, हा तो विषय. चालकांनी तो आनंदाने मान्य केला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून नवे ज्ञान शाळा-कॉलेजांच्या भिंतींबाहेर आणून चारचौघांपुढे मांडण्याची रीत आपल्याकडे रुजली. त्या रीतीचा आधार घेऊन मी हे धाडस करीत आहे.

आपण विचाराल, हा विषय संगणकाच्या अभियंत्याचा. युनियनवाल्याने यात कशाला पडावे? त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, कामगाराचा पगार, त्याचा प्रॉव्हिडंट फंड, घरचे रेशन, दवाखान्याचा विमा हे सारे आता संगणकात जाऊन बसले आहे. तेथे काही बिघडले, चोरीला गेले, तर ज्याच्या गाठीला दुसरे काही नाही तो माणूस आधी बुडतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही यंत्रे उद्या जे बांधणार, चालविणार आणि ज्यांच्या हुकमाने ती चालणार, ती मुले आज आपल्याच गावच्या कॉलेजांत बसली आहेत. त्यांच्यात आमच्या सभासदांची मुले आहेत, तुमचीही आहेत.

माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते फिटरचे काम करता करता आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. सभासदांची नोंदवही संगणकावर चढविण्याची वेळ आली तेव्हा या विषयाशी गाठ पडली, आणि एक पुस्तक दुसऱ्या पुस्तकाकडे घेऊन गेले. गेली चार वर्षे उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या कचेरीत सभासदांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही आठ दिवसांचा वर्ग चालवितो. संगणकशास्त्राचे एक प्राध्यापक मदतीला येतात. सहा जुने संगणक आहेत. त्या वर्गात काय शिकवावे आणि कोणत्या क्रमाने शिकवावे, याचा जो विचार झाला तो आज आपणांपुढे मांडतो.

तीन प्रश्न

वर्गाच्या पहिल्या दिवशी आम्ही संगणक सुरू करीत नाही. मुलांची अपेक्षा असते की, आज चोर कसा शिरतो ते पाहावयास मिळेल. आम्ही त्यांच्यापुढे युनियनची सभासदांची जुनी नोंदवही ठेवतो आणि विचारतो, या वहीचे वाईट कोणकोणत्या रीतीने होऊ शकेल?

मुले लगेच म्हणतात, वही चोरीला जाईल. आम्ही विचारतो, वही येथेच राहिली आणि कोणी नुसती वाचून गेला तर? मग कोणीतरी सांगतो की, युनियनमध्ये कोण कोण आहे ते मालकाला कळेल आणि माणसे कामावरून जातील. म्हणजे वही जागेवर असूनही नुकसान झाले. ही पहिली गोष्ट, गुप्तता. ज्याने वाचू नये त्याने वाचता कामा नये.

दुसरा प्रश्न: कोणी वाचली नाही, पण एका रात्रीत वर्गणी भरल्याच्या चार नोंदी खोडल्या तर? मग निवडणुकीत त्या चौघांचा मताचा हक्क गेला. ही दुसरी गोष्ट, अभंगता. जे लिहिले ते तसेच राहिले पाहिजे, आणि बदलले तर बदलल्याचे कळले पाहिजे. गुप्ततेची चर्चा फार होते, अभंगतेची कमी. पण दवाखान्याच्या नोंदीत रक्तगट बदलला गेला तर तो माणूस प्राणास मुकेल. तेथे गुपित फुटण्यापेक्षा नोंद बिघडणे भयंकर आहे.

तिसरा प्रश्न: वही शाबूत आहे, कोणी वाचली नाही, खोडली नाही, पण कपाटाची किल्ली हरवली आणि उद्या निवडणूक आहे, तर? ही तिसरी गोष्ट, उपलब्धता. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टांपैकी निदान ८१ ट्रस्टांच्या कामात त्याने अडथळा आणला. रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. रुग्णांची माहिती बाहेर गेली म्हणून हे घडले नाही. ती जागच्या जागी कुलूपबंद झाली म्हणून घडले. आणि विशेष म्हणजे ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच प्रसिद्ध केली होती. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मुलांना येथे एकदाच सांगावी लागते.

गुप्तता, अभंगता, उपलब्धता. या तीन शब्दांवर सगळी इमारत उभी आहे. आणि या तिन्हींची ओढाताण चालू असते, हेही मुलांना पहिल्याच दिवशी कळावे. वही सात कुलपांत ठेवली तर गुप्तता वाढते, पण गरजेच्या वेळी ती हाती लागत नाही. तेव्हा कशाचे रक्षण करायचे, कोणापासून करायचे आणि त्यासाठी किती झळ सोसायची, हे आधी ठरवावे. कुलूप मागाहून विकत घ्यावे.

कुंपण आणि शेत

कुंपणच शेत खाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. बाहेरच्या चोराची भीती सर्वांनाच असते. पण आतल्या माणसाच्या हाती किती सत्ता द्यावी, हा खरा प्रश्न आहे. १९७५ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या सॉल्झर आणि श्रोडर या दोन संशोधकांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात आठ तत्त्वे सांगितली. निबंधाला पन्नास वर्षे उलटून गेली. तत्त्वे शिळी झाली नाहीत. मी ती वाचली तेव्हा मला नवल वाटले ते याचे की, त्यांतली निम्मी तरी आमच्या युनियनच्या घटनेत आधीपासून होती.

एक तत्त्व असे की, ज्याला जेवढ्या कामासाठी जेवढा अधिकार लागतो, तेवढाच त्याला द्यावा, अधिक देऊ नये. आमचा वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता पावती फाडू शकतो. बँकेतून पैसे काढू शकत नाही. दुसरे तत्त्व असे की, महत्त्वाचे काम एका किल्लीने होऊ नये, दोन किल्ल्या लागाव्यात. आमच्या चेकवर अध्यक्षाची आणि खजिनदाराची अशा दोन सह्या लागतात. खजिनदार चोर आहे असे आम्ही मानतो म्हणून नव्हे. उलट, दुसरी सही असल्यामुळेच त्याच्यावर उद्या कोणी खोटा आळ घेऊ शकत नाही. तिसरे तत्त्व असे की, परवानगी दिली आहे असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर उत्तर ‘नाही’ असे धरावे. आणि प्रत्येक वेळी विचारावे. काल आत सोडले म्हणून आज न विचारता सोडू नये.

मुलांना ही तत्त्वे पाठ करावयास देऊन उपयोग नाही. पावतीपुस्तकाला स्थळप्रत का असते, सभेच्या इतिवृत्ताची पाने क्रमांक घालूनच का छापतात, मतपेटीला सर्वांसमक्ष लाख का लावतात, हे त्यांनी आधी स्वतः शोधून काढावे. मग संगणकातील नोंदींचा माग, अधिकारांची वाटणी आणि मोहोर या गोष्टी त्यांना परक्या वाटत नाहीत.

यातून न्यायअन्यायाचा प्रश्न कसा उभा राहतो त्याचे एक उदाहरण सांगतो. एका पतसंस्थेत आमच्या एक सभासद भगिनी कारकून होत्या. सकाळी कचेरीत त्या सर्वांत आधी येत. म्हणून वरिष्ठांच्या तोंडी हुकमाने त्यांच्याच नावाने संगणक सुरू होई आणि दिवसभर त्याच नावावर सहा माणसे काम करीत. एके दिवशी डब्याच्या सुटीत त्या नावावर एक खोटी नोंद झाली आणि पैसे गेले. यंत्रात नाव बाईंचे. म्हणून निलंबनही बाईंचे. आठ महिने चौकशी चालली. आमचे म्हणणे एवढेच होते की, जेथे सहा हात मिळून एक सही करतात, तेथे ती सही कोणाचीच नसते. आणि ही पद्धत ज्यांनी पाडली त्यांनी त्या कागदाच्या बळावर एकीलाच दोषी धरू नये. शेवटी बाई कामावर परत आल्या. प्रत्येकाला त्याचे वेगळे नाव आणि वेगळी किल्ली द्यावी, हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. त्या ओळीमागे एका कुटुंबाची आठ महिन्यांची भाकरी असू शकते, एवढे विद्यार्थ्याला कळले की तो नियम तो विसरत नाही.

झाकली मूठ

आता किल्लीविषयी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. व्यवहारात ते ठीक असेल, पण या शास्त्रात ते अगदी उलट आहे. ऑगस्त केरकहॉफ्स नावाचे मूळचे डच भाषापंडित पॅरिसला शिकवीत असत. त्यांनी १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावर लेख लिहून सांगितले की, गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली. बाजारात कुलूप मिळते, ते चोरही विकत घेऊन उघडून पाहू शकतो. तरीही तुमच्या किल्लीवाचून तुमचे कुलूप उघडले नाही, तरच ते कुलूप चांगले. ‘आमची पद्धत कोणालाच ठाऊक नाही, म्हणून आम्ही सुरक्षित आहोत’ असे जो सांगतो, त्याचे कुलूप अजून कोणी तपासलेले नाही एवढाच त्याचा अर्थ.

दोन अनोळखी माणसे आधी भेटल्यावाचून गुपित कसे बोलू शकतात, याचे कोडे १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी सोडविले. त्यातून उघड किल्लीची कल्पना पुढे आली. मुलांना ती समजावून सांगावयास आम्ही कोपऱ्यावरची टपालपेटी दाखवितो. पत्र कोणीही आत टाकू शकतो. बाहेर काढू शकतो तो फक्त किल्ली असलेला पोस्टमन. यामागचे गणित ज्यांना पेलते ते पुढे शिकतील. कल्पना मात्र कला शाखेच्या मुलीलाही पाच मिनिटांत कळते.

पासवर्डचा हिशेब मात्र सर्वांकडून पाटीवर करून घ्यावा. चार आकडी पिनचे दहा हजार प्रकार होतात. मग एटीएमचा पिन सुरक्षित का? तर तीन वेळा चुकले की यंत्र दार बंद करते म्हणून. आता रोमन लिपीतील छोट्या सव्वीस अक्षरांतून सहा अक्षरांचा पासवर्ड घ्या. त्याचे प्रकार होतात ३०,८९,१५,७७६. ऐकावयास मोठा आकडा. पण चोरलेल्या यादीवर सेकंदाला एक कोटी प्रयत्न करणारे यंत्र ते सारे एकतीस सेकंदांत संपविते. तीच अक्षरे बारा घेतली, तर त्याच यंत्राला सारे प्रकार संपवावयास सुमारे तीनशे वर्षे लागतात. अर्थात अक्षरे कशीही पडलेली असली पाहिजेत. तेथे मुलीचे नाव आणि जन्मसाल घातले तर हिशेबाचा बोजवारा उडतो. हा हिशेब ज्याने स्वतः मांडला, त्याला ‘लांब पासवर्ड ठेवा’ असा उपदेश करावा लागत नाही.

याच्याच पुढचा पाठ, जो उद्याच्या प्रोग्राम लिहिणाऱ्याने कधी विसरू नये: लोकांचे पासवर्ड तुमच्या वहीत जसेच्या तसे लिहून ठेवू नका. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली याविषयी लिहिले. पासवर्डचा गणिती ठसा ठेवावा. अंगठ्याच्या ठशावरून जसा माणूस घडविता येत नाही, तसा त्या ठशावरून पासवर्ड परत काढता येऊ नये. आणि प्रत्येकाच्या पासवर्डात ठसा घेण्याआधी थोडे निराळे मीठ मिसळावे, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे वेगळे उमटतात. ‘मीठ’ हा शब्द माझा नव्हे; त्या शास्त्रातच तो रूढ आहे.

जाळी यंत्राला हवी

येथपर्यंतचे सारे चांगल्या पाठ्यपुस्तकात मिळेल. यापुढचे मी माझ्या धंद्यातून सांगतो, आणि माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे.

कारखान्यात एखाद्याचे बोट कापले गेले की, पूर्वी पहिले वाक्य ठरलेले असे: कामगार निष्काळजी होता. भिंतीवर पाटी लावलेली असे, ‘सावध राहा’. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमाने धोक्याच्या यंत्राभोवती कुंपण घालणे बंधनकारक केले, त्यामागचा विचार असा की, आठ तास उभा राहिलेला माणूस कधीतरी थकणारच, त्याचे लक्ष कधीतरी उडणारच. यंत्र असे करा की, त्या एका क्षणाची किंमत बोटाने द्यावी लागू नये.

माहितीच्या क्षेत्रात आपण अजून पाटीच्या युगात आहोत. फसवणूक झाली की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही त्या लिंकवर बोट का लावले?’ दिवसाला शंभर पत्रे उघडणे हेच ज्या कारकुनाचे काम आहे, त्याला ‘अनोळखी पत्र उघडू नका’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? १९९९ साली ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे या दोन संशोधक स्त्रियांनी एक निबंध लिहिला. वापरणारा माणूस हा शत्रू नव्हे, असे त्याचे नावच होते. कामाच्या ओघाशी न जुळणारे नियम लादले की माणसे पळवाटा काढतात, हे त्यांनी दाखविले. आम्हांला ते नवीन नव्हते. यंत्राची जाळी काम अडवू लागली आणि पगार नगावर असला, तर कामगार जाळीच काढून ठेवतो. दोष कामगाराचा की जाळीचा? दर महिन्याला पासवर्ड बदलावयास लावले की माणूस तो कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवतो. अमेरिकेच्या मानके ठरविणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१७ साली सांगून टाकले की, फुटल्याचा पुरावा नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये. सॉल्झर आणि श्रोडर यांचे आठवे तत्त्वही हेच होते: संरक्षण असे असावे की सामान्य माणूस ते सहज आणि योग्य रीतीने वापरील.

आपल्याच देशातले ताजे उदाहरण घ्या. यूपीआयमध्ये एका माणसाने दुसऱ्याकडे पैशाची मागणी धाडण्याची सोय होती. भामटे ती धाडून सांगत, ‘पैसे मिळण्यासाठी पिन दाबा’, आणि पिन दाबला की पैसे जात. वर्षानुवर्षे लोकांना सांगितले गेले की, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, सावध राहा. लोक फसतच राहिले. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ती सोयच बंद करण्यात आली. याला म्हणतात यंत्राला जाळी बसविणे.

सावधगिरी शिकवू नये असे मी म्हणत नाही. कोणी पोलिसाचे सोंग घेऊन व्हिडिओवर ‘डिजिटल अटक’ केली असे सांगू लागला, तर तसली अटक आपल्या कायद्यात नाही, फोन ठेवावा आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हे घरोघर माहीत झाले पाहिजे. परंतु विद्यार्थी हा नुसता वापरणारा नाही. तो उद्याचा यंत्र बांधणारा, बँकेचा अधिकारी, सरकारी खात्याचा टंकलेखक, संस्थेचा चिटणीस आहे. त्याला फक्त ‘तू फसू नकोस’ एवढे शिकविले तर अर्धे शिक्षण झाले. ‘तू असे काही बांधू नकोस की ज्यात दुसरा थकलेला माणूस फसेल’, हे उरलेले अर्धे.

शिकवायचे कसे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु व्याख्या उतरवून घेऊन परीक्षा देणे, हा या विषयाचा मार्ग नव्हे. पोहणे जसे फळ्यावर शिकविता येत नाही, तसेच हे.

आमच्या वर्गातील सहा संगणक आपसांत जोडलेले असतात. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नसतो. एक मुलगा कुलूप नसलेल्या पानावर एक खोटा पासवर्ड टाकतो, आणि शेजारच्या संगणकावर ‘वायरशार्क’ या प्रोग्रामात तो पासवर्ड उघडा वाहताना सर्वांना दिसतो. मग तेच पान कुलपासह उघडतात, आणि नुसता गिचमिड मजकूर दिसतो. वर्गात क्षणभर शांतता पसरते. तासभराच्या व्याख्यानाने जे होत नाही ते या दोन मिनिटांत होते. सरावासाठी मुद्दाम भगदाडे ठेवून बांधलेले ‘वेबगोट’सारखे प्रोग्राम मोफत मिळतात, हात साफ करावयाचा तो तेथे.

आता, चोराची विद्या मुलांना शिकवावी काय, असा प्रश्न पालक विचारतात. कुलूप करणाऱ्याला कुलूप उघडण्याची रीत कळलीच पाहिजे. मात्र त्याबरोबर एक शब्द शिकवावा लागतो: परवानगी. तो पटविण्यासाठी आम्ही एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. मघाशी ज्या रॉबर्ट मॉरिस यांचे नाव घेतले, त्यांचाच हा मुलगा. काही मोडण्याचा त्याचा हेतू नव्हता; पण प्रोग्राम एकाच यंत्रात पुन्हा पुन्हा शिरत गेला आणि यंत्रे गुदमरली. जाळ्यातील सुमारे साठ हजार संगणकांपैकी सहा हजारांना त्याचा फटका बसला असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. १९९० साली त्याला तीन वर्षांची देखरेख, चारशे तासांची समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हेही आम्ही सांगतो. एका कृत्याने माणूस कायमचा वाया जात नाही. परंतु ‘माझा हेतू वाईट नव्हता’ एवढ्याने परक्याच्या यंत्रात शिरण्याचा हक्क मिळत नाही. आपल्याकडेही २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाने मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते. तेच लबाडीने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

याची दुसरी बाजू आपल्या हिरकणीच्या आख्यायिकेत आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण रात्री अवघड कड्यावरून उतरून गेली. महाराजांना ते कळले तेव्हा त्यांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला, आणि त्या जागी बुरूज बांधला. जिने भगदाड दाखविले ती शत्रू नव्हे, हे ओळखण्याचे शहाणपण त्या कथेत आहे. आज एखाद्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या निकालाच्या पानात दोष दिसला आणि त्याने तो प्रामाणिकपणे कळविला, तर पुष्कळ ठिकाणी आधी त्यालाच दरडावतात. मग पुढचा विद्यार्थी गप्प बसतो आणि भगदाड तसेच राहते. प्रत्येक कॉलेजाने दोष कोणाकडे कळवावा हे लिहून जाहीर करावे, आणि कळविणाऱ्याचे आभार मानावेत. देशपातळीवर २००४ पासून काम करणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेकडेही असे दोष कळविता येतात.

स्वस्त हात

शेवटी एक काळजीची गोष्ट. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर संगणकी दरोडा पडला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. दरोडेखोरांनी मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली. एटीएममधून ‘पैसे देऊ का?’ असा प्रश्न आला की, बँकेऐवजी ती ‘द्या’ असे उत्तर देई. मग बनावट कार्डे घेऊन अठ्ठावीस देशांत आणि आपल्याकडेही माणसांनी पैसे काढले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. अशा दरोड्यांत डोके चालविणारा दूर देशी बसलेला असतो. एटीएमच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसतो तो कार्ड घेऊन गेलेल्या माणसाचा.

आज तेच निराळ्या रूपाने आपल्या मुलांच्या दाराशी आले आहे. ‘तुझे बँकेचे खाते महिनाभर वापरावयास दे, काही हजार मिळतील’ असे कोणीतरी कॉलेजच्या कट्ट्यावर सांगतो. फीची तारीख जवळ आलेली असते, घरी मागण्याची सोय नसते; मुलगा कार्ड आणि सिम देऊन टाकतो. त्या खात्यातून कुठल्यातरी म्हातारीची आयुष्याची पुंजी वाहून जाते, आणि पोलीस येतात ते खात्यावरच्या नावाच्या घरी. मला यात मजुरीचा जुनाच बाजार दिसतो. धोका सारा स्वस्त हाताचा, नफा सारा दुसऱ्याचा. ‘खाते म्हणजे सही, आणि सही भाड्याने द्यायची नसते’, हे वाक्य प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षी, पहिल्या आठवड्यात, सर्व शाखांच्या मुलांना सांगितले गेले पाहिजे. नुसते सांगूनही भागणार नाही. फीसाठी अडलेल्या मुलाने कोणाकडे जावे, याचीही वाट कॉलेजाने दाखविली पाहिजे. नाहीतर ही पुन्हा भिंतीवरची पाटीच होईल.

मित्रहो, माझे म्हणणे थोडक्यात असे. हा विषय फक्त संगणक शाखेचा ठेवू नका. तो सर्वांना शिकवा. क्लृप्त्यांनी सुरुवात करू नका. कशाचे राखण करायचे आणि कोणासाठी, येथून सुरुवात करा. हाताने करून शिकवा, पण परवानगीच्या आत. आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी मारण्याआधी यंत्राला जाळी होती का, हे विचारण्याची सवय मुलांना लावा. आपल्यापैकी जे पालक आहेत, संस्थांचे चालक आहेत, त्यांनी जूनमध्ये कॉलेजे उघडतील तेव्हा प्राचार्यांना एवढे एकच विचारावे: आमच्या मुलांना हे कोण शिकविणार, आणि कोणत्या दिवशी? उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे. चळवळीत आम्ही दुसरे काही करीत नाही.